बिस्किटांच्या डब्यांतली मोटार

मोटार कशाची असते असे कोणी विचारले, तर लोखंडाची, रबराची आणि काचेची असे उत्तर मी आता देणार नाही. आमची मोटार पाच वर्षे डब्यांची होती. बिस्किटांचे चौकोनी पत्र्याचे डबे, दूधपावडरीचे गोल डबे, श्रीखंडाचे प्लॅस्टिकचे डबे, मुलीच्या शाळेतल्या दोन कंपासपेट्या, आणि अवजड भागांसाठी रेशनच्या काळातली धान्याची दोन पिंपे. एकंदर त्रेसष्ट भांडी मी मोजली आहेत. उरलेला सांगाडा गॅरेजात चार घोड्यांवर उभा होता, आणि त्याच्या मागच्या सीटच्या जागी सोसायटीतली एक मांजर नेमाने पिल्ले घालीत असे.

गाडी मामंजींची, १९७१ सालची फियाट अकराशे डिलाइट. हल्लीच्या मुलांना हे सांगावे लागते, की त्या काळी मोटार दुकानात जाऊन विकत घेता येत नसे. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि वाट पाहायची. मामंजींनी नाव नोंदवले तेव्हा आमचे धाकटे भाऊजी पाळण्यात होते. गाडी दारात आली तेव्हा ते तिच्यात बसून शाळेत गेले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लायमाउथ ह्या अमेरिकन गाड्या जुळवल्या जात, पुढे इटलीच्या फियाटशी सोयरीक झाली. पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी ती गुबगुबीत गाडी, जिला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत, ती आधीची. १९६४ पासून आली ती डिलाइट. तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. बारसे तीनदा झाले तरी बाळ एकच. १०८९ सी.सी.चे ते चार सिलिंडरचे इंजिन काही बदलले नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिच्यावाचून अडणार आहे.

माझे लग्न १९८१ साली झाले. गाडीची पुढची सीट सलग, बाकासारखी. गीअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्याला. मला ती चालवायला मामंजींनी शिकवले, ह्यांनी नव्हे. नवऱ्याने बायकोला मोटार शिकवू नये असे मामंजींचे ठाम मत होते, आणि संसार टिकावा म्हणून मी ते मानले.

२०१९ च्या दिवाळीत खंडाळ्याहून परतताना तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. गाडी तापून एका जागी उभी राहिली की दिवा डोळे मिचकावी, वेग घेतला की विझे. "बेअरिंगं गेली," असे म्हणून ह्यांनी इंजिन उतरवले. तेवढेच करून थांबायचे होते. परंतु मार्च २०२० मध्ये देशाला कुलूप लागले. शेजारपाजारचे पुरुष घरात बसून पोळ्या लाटायला शिकले, ह्यांनी फियाटचा एकूण एक नट सोडवला. सोडवायला माणूस एकटा पुरतो, जुळवायला दुकाने उघडी लागतात. दुकाने उघडली, पुन्हा मिटली, आणि २०२१ च्या एप्रिलात हे गेले. नऊ दिवसांत. त्याविषयी जास्त लिहीत नाही. त्या महिन्यात फार घरांतून तेच झाले.

मग आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली. पुण्यात सध्या जिकडेतिकडे हेच चालले आहे. मे २०२५ अखेर घरे रिकामी करायची, तीन-चार वर्षे भाड्याने राहायचे, मग नव्या इमारतीत उंच जाऊन बसायचे. गॅरेजे पडणार होती. ऑगस्ट २०२४ मध्ये समितीचे पत्र आले, "आपल्या गॅरेजमधील नादुरुस्त वाहन व डबे हलवावेत." 'व डबे' हे शब्द मला लागले.

भाऊजींनी एक भंगारवाला आणला. गाडीचे वजन नऊशे किलोच्या आसपास, भाव किलोवर, आणि इंजिन सुटे असल्यामुळे भाव आणखी खाली असे त्याचे गणित. आलेल्या रकमेत नव्या फ्रिजचे एक दार आले असते. भाऊजी समंजस माणूस आहेत, मला म्हणाले, "वहिनी, दादाचं मन होतं ते गाडीत, लोखंडात नव्हे." मुलगीही म्हणाली, "आई, तू दमशील." दोघांचेही बरोबर होते. मला गाडी वाचवायची होती असे लिहिणे सोपे आहे, पण खरे कारण वेगळे होते. प्रत्येक डब्यावर ह्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. "डावे मागचे ब्रेक. स्प्रिंगा नव्या घेणे." "पाण्याचा पंप. बरा आहे, भरवसा नाही." एका श्रीखंडाच्या डब्यावर तर, "हे कशाचे ते आठवत नाही. टाकू नये." भंगारवाला ह्या चिठ्ठ्यांसकट डबे वजनकाट्यावर ठेवणार, हे काही मला बघवणार नव्हते. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवले.

ज्यांच्या हाती मामंजींच्या काळापासून गाडी होती ते मिस्त्री आता सत्तरीला टेकले आहेत. नव्या मोटारींना पान्याच्या आधी संगणक लावावा लागतो, म्हणून त्यांनी गॅरेज बंद केले. मी गेले तेव्हा नातवाची सायकल दुरुस्त करीत होते. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वहिनी, हात माझे, पळापळ तुमची. रोज संध्याकाळी दोन तास. आणि घाई केलीत तर मी निघालो." गणपतीनंतर ते आले, चिठ्ठ्या वाचत सगळ्या डब्यांवरून एकदा फिरले, आणि चष्मा पुसत म्हणाले, "साहेबांनी निम्मं काम करून ठेवलंय."

जुनी गाडी उभी करताना पहिला तंटा होतो तो नवे काय नि जुने काय ह्याचा. काही हौशी लोकांना स्क्रूसुद्धा मूळचाच हवा असतो, काहींना सगळेच चकचकीत हवे असते. मिस्त्रींचा नियम मला पटला. थांबवणारे, वळवणारे आणि पेट घेणारे असेल ते सगळे नवे घ्यायचे, बाकीचे चालेल तोवर जुने. म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलच्या नळ्या आणि विजेच्या तारा ह्यांत काटकसर नाही. घड्याळ बंद असले तर असू दे.

ब्रेकचे काम मी जन्मात विसरणार नाही. ह्या गाडीला चारही चाकांना ड्रम, आणि पायाचा दाब तेलातून चाकांपर्यंत जातो. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते, हे मला ठाऊक नव्हते. पाच वर्षांत त्या पाण्याने सिलिंडरांच्या आतल्या गुळगुळीत भिंतीला गंजाचे देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडले होते. अशा भिंतीवर नवे रबर घातले तरी ते फाटते, म्हणून नुसते रबराचे किट न घेता चारही चाकांचे सिलिंडर आणि वरचा मास्टर सिलिंडर नवा घेतला. मग नळ्यांतली हवा काढायची. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. मी आत बसायची, मिस्त्री चाकापाशी. "दाबा!" मी दाबायची. "धरा!" मी धरायची. ते खाली निपल सैल करीत, काचेच्या बाटलीत बुडबुडे निघत. "सोडा!" असे चाळीस-पन्नास वेळा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून विचारत्या झाल्या, की तुम्ही योगासने सुरू केलीत का. शेवटच्या चाकापाशी पायाखालचे पेडल एकदम टणक लागले. त्या टणकपणाचा मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे इंजिन सुरू झाल्याचाही झाला नाही.

पळापळ म्हणजे नाना पेठ. पुण्यात मोटारीचे सुटे भाग म्हटले की नाना पेठ, आणि तिथे जे मिळत नाही त्यासाठी रविवार-बुधवारचा जुना बाजार. फियाट म्हणताच तरुण दुकानदार हात हलवीत. एक वयस्क गृहस्थ मात्र शिडी लावून वर चढले आणि वरूनच उलटतपासणी सुरू केली, "गीअर स्टिअरिंगचा की खालचा? डायनॅमो की आल्टरनेटर?" पाचव्या खेपेला मी त्यांचे प्रश्न संपायच्या आत उत्तरे देऊ लागले. त्यांनी मला मालाच्या तीन जाती शिकवल्या. पहिला कंपनीचा कोरा, म्हणजे वीस-तीस वर्षे वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेला, दुसरा चांगला, तिसरा चालणारा. तिसरा बहुधा चालत नाही. आणि कोरा आहे म्हणून उत्तमच असेही नाही. रबराची वस्तू कितीही कोरी असो, ठेवल्या जागी म्हातारी होते. मेणचट पिवळा कागद उघडून निघालेली दाराची रबरे हातात भाकरीसारखी मोडली.

"टॅक्स्या होत्या तोवर काळजी नव्हती हो," ते म्हणाले. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे ह्याच गाडीची बहीण. हजारो टॅक्स्यांना रोज क्लच प्लेट लागे, किंगपिन लागे, म्हणून कारखान्यांनी गाडी बंद केल्यावरही भाग निघत राहिले. २०१३ साली टॅक्सीचे वय वीस वर्षांवर आणले गेले. ताडदेवच्या कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, ती बरोबर वीस वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. मुंबईकरांनी तेव्हा छायाचित्रे काढून घेतली, हळहळ केली. नाना पेठेतल्या त्या गृहस्थांच्या मते हळहळणाऱ्यांनी एकेक क्लच प्लेट घेतली असती तर बरे झाले असते.

आता मूळ दुखणे, तेलाचा दिवा. इंजिनात पिस्टन वरखाली होतात, आणि त्यांची वरखाली ज्या वाकड्यातिकड्या दांड्यामुळे गोल फिरण्यात बदलते तो क्रँक. तो बेअरिंगांवर फिरतो, आणि दोहोंमध्ये तेलाचा पातळ पडदा असतो. क्रँक झिजला की फट वाढते, तेल पळून जाते, दाब पडतो, दिवा लुकलुकतो. उपाय म्हणजे क्रँक घासून पुन्हा गोल करायचा आणि तेवढी जाड बेअरिंगे बसवायची. दर वेळी दहा थाऊ घासतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा, वीस, तीस, चाळीस, आणि बस्स. आमच्या क्रँकच्या पिंपावर ह्यांची चिठ्ठी होती, "चाळीस झाले आहेत. पुढे?" ते प्रश्नचिन्ह ह्यांनी दोनदा गिरवले होते.

मिस्त्री दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, भंगारातल्या टॅक्सीचं अख्खं इंजिन मिळेल. आठ दिवसांत गाडी चालू." वेळेचा विचार केला तर तेच शहाणपणाचे होते, जानेवारी उजाडला होता. पण इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो. इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.त जाऊन तेही बदलून घ्यायचे. कागदांचे मला भय नाही, चौतीस वर्षे बँकेत काढली आहेत. मला अडत होते ते निराळे. त्रेसष्ट डब्यांपैकी चाळीसएक डबे इंजिनाचे होते. अख्खे इंजिन आणले की ते सगळे पुन्हा भंगारवाल्याकडे. "मिस्त्री," मी म्हटले, "इंजिन तेच, तर क्रँकही तोच असणार ना? अख्खं कशाला? नुसता क्रँक आणू." ते माझ्याकडे बघत राहिले. मग खिशातून बिडी काढली, पेटवली नाही, परत ठेवली. "माप बघून घ्यावा लागेल," म्हणाले. "मी येतो."

आम्ही कुर्ल्याला गेलो. सी.एस.टी. रोडवर जुन्या गाड्यांचे अवयव विकणाऱ्या दुकानांची जी रांग आहे, तिथे एका बोळात तेलकट ताडपत्रीखाली सहा क्रँक एकावर एक पडले होते. मिस्त्रींनी मायक्रोमीटर काढला आणि एखादा वैद्य नाडी पाहतो तसे डोळे मिटून एकेक दांडा मापला. पाच नापास. सहावा फक्त दहा थाऊ घासलेला, वाक नाही, चीर नाही. दुकानदाराने सहा हजार सांगितले. मी भाजी घेते तशीच घासाघीस केली, चार हजारांत दिला. ही गाडी जिथे तयार झाली ते कुर्लाच, पण कारखान्याच्या जागी आता इमारती आहेत. ज्या टॅक्सीचा हा कणा, ती कोणाची, किती लाख माणसे तिने पोचवली, ते विचारले. दुकानदार हसला. परतीच्या गाडीत क्रँक माझ्या जुन्या नऊवारीत गुंडाळून सीटखाली ठेवला होता. शेजारच्या बाईंनी पाय लागला म्हणून नमस्कार केला आणि विचारले, "देवाचं आहे का काही?" मी हो म्हटले. कोणाला समजावत बसणार!

पुढचे तीन महिने झटकन सांगून टाकते. क्रँक पुण्यात वीस थाऊवर घासून घेतला, त्या मापाची बेअरिंगे नाना पेठेच्या शिडीवरून खाली आली. व्हॉल्व्ह घासायचे काम माझे. काठीच्या टोकाला रबरी वाटी, तिने व्हॉल्व्ह धरायचा, कडेला खरखरीत लेप लावायचा आणि दोन तळहातांत काठी रवीसारखी घुसळायची. ताक ज्यांनी केले आहे त्यांना हे शिकवावे लागत नाही. जमिनीचा पत्रा दोन ठिकाणी गंजून चाळणी झाला होता, तिथे ठिगळे जोडली. रंगाला हात लावला नाही. मुलीला गाडी नवी हवी होती. मी म्हटले, पंचाहत्तरीच्या बाईने केस रंगवले नाहीत तरी चालते.

पेट्रोलचा मात्र बंदोबस्त करावा लागला. आता देशभर पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते. डिलाइट जन्मली तेव्हा हा पाहुणा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. जुने रबर त्याने फुगते, मऊ पडते. शिवाय ते पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या, पेट्रोल पंपाचा नवा पडदा, आणि गाडी आठवडेच्या आठवडे भरल्या टाकीने उभी ठेवायची नाही असा दंडक.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जोडणी पुरी झाली. प्लगच्या तारांचा क्रम, १-३-४-२, ह्यांनी एका डब्याच्या झाकणावर काढून ठेवला होता. मिस्त्रींना तो तोंडपाठ, तरी त्यांनी ते झाकण समोर ठेवूनच तारा लावल्या. आधी प्लग काढून नुसता स्टार्टर फिरवला, तेल वर चढून तांबडा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. पहिल्या झटक्याला खोकली, दुसऱ्याला पांढरा धूर, तिसऱ्याला लागली. गॅलऱ्या भरल्या. मिस्त्रींनी कोणाकडे पाहिले नाही. अर्धा तास इंजिन तापू दिले, मग वेग अगदी खाली आणला आणि आम्ही दोघे तो दिवा पाहात उभे राहिलो. तो विझलेलाच राहिला. "काढा साहेबांची चिठ्ठी," ते म्हणाले. मी पिंपावरची ती प्रश्नचिन्हाची चिठ्ठी काढली आणि पर्समध्ये ठेवली.

नोंदणीची मुदत २०२१ मध्येच सरली होती, ती दंड भरून, तपासणी करून नव्याने घेतली. भाऊजींनी सुचवले, की २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळा क्रमांक मिळतो, ऐट होईल. परंतु तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती, एवढ्यालाच. मला मंडईत जायचे असते. मी ऐट नाकारली.

२८ मेला आम्ही घर सोडले. सामान टेंपोतून गेले, मी फियाटमधून. शेजारी मिस्त्री, मागे मुलगी आणि भाऊजी, आणि भाऊजींच्या मांडीवर, कोणी मागितलेली नसताना, ती मांजर. पहिले पाचशे किलोमीटर गाडी हळू चालवायची असते, त्यामुळे मागच्या रिक्षांनी आमचा जो उद्धार केला तो दिवाळी अंकात छापण्यासारखा नाही.

त्रेसष्टांपैकी बासष्ट डबे रिकामे झाले. आठवत नाही म्हणून न टाकलेली वस्तू डिकीच्या कुलपाची निघाली. राहिला एक, आणि तो मुळातच रिकामा होता. त्यावर लिहिले आहे, "डाव्या त्रिकोणी काचेचा खटका. तुटला. शोधणे." पुढच्या दारांना वारा घ्यायच्या ज्या छोट्या तिकोनी काचा असतात, त्यांतल्या डावीचा. नाना पेठ, जुना बाजार, कुर्ला, सगळीकडे उजवे मिळतात, डावे नाहीत. सध्या तिथे कागदाची घडी खोचली आहे आणि पावसात पाणी माझ्या पदरावर येते. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत, असा खटका पडला असेल, तर संपादकांकडे माझा पत्ता आहे. डावाच हवा. मोबदला योग्य तो देईन, आणि मंडईपर्यंत एक चक्करही.